बातमीत शांताबाईंचं नाव नव्हतं

मंडळी, दुपारी वर्गातून आल्यापासून कामात मन नाही, म्हणून इथे लिहिते.

जबलपुरात मी मुलींना स्त्रीवादी संशोधन पद्धती शिकवते. सरावासाठी त्या ऑनलाइन विश्वकोशात बायकांवर लेख लिहितात. त्यांच्यातल्या रश्मीने गोहलपूर वस्तीतल्या आपल्या शेजारणीवर, शांताबाईंवर लिहिला. त्यांनी वस्तीतल्या कितीतरी बायकांना स्वतःच्या घरी लिहायला-वाचायला शिकवलं. रश्मीकडे त्या बायकांच्या मुलाखती होत्या, छापील संदर्भ मात्र एकही नव्हता. म्हणून विश्वकोशाच्या संपादकांनी लेख परत पाठवला.

काल शांताबाई गेल्या. आज रश्मी पेपर घेऊनच वर्गात आली. “रमेशजी की माताजी का निधन,” अशी शांताबाईंच्या मुलाच्या नावाने बातमी होती. तिन्ही मुलांची नावं, हुद्दे, तिलवारा घाटावरच्या अंत्यसंस्काराची वेळ, सगळं होतं. शांताबाईंचं नाव कुठेच नव्हतं.

नाव छापून आलं असतं तरी एवढ्याशा बातमीने लेख मंजूर झाला नसता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. तरी रश्मीने ती पुन्हा पुन्हा वाचली.

“नाव काहून नाही टाकलं, विचारू का मॅम रमेशभैयाला?” मग स्वतःच म्हणाली, “पण कसं विचारू? तो रडूनच राहिला. बातमी त्यानंच लिहून दिली.”

मागून एकजण म्हणाली, “आमच्याकडे पण असंच देतात, मॅम. आईचं नाव घेणं बरं नाही दिसत म्हणतात.”

रविवारी शोकसभा आहे. तिची बातमीही रमेशच देणार. आई गेलेल्या मुलाला, तिचं नाव लिही, हे कुणी आणि कसं सांगायचं? तुम्ही रश्मीला काय सांगितलं असतं?