नजरेचं माप

कपडेपटाच्या खोलीत ऊन यायचं ते दुपारी तीननंतर. खिडकी एकच, तीही पश्चिमेची. आधी न्यायाधीशाच्या काळ्या झग्याची एक बाही उजळायची, मग राणीच्या कॉलरवरची खोटी जर, मग दारामागे टांगलेल्या पोस्टमनच्या टोप्या. उन्हात धूळ तरंगायची आणि टांगलेले कपडे किंचित हलायचे. त्या वेळी आत पाऊल टाकलं की वाटायचं, इथे आत्ता माणसं बोलत होती, आपली चाहूल लागली म्हणून गप्प झाली.

ही खोली मावशीची. माझी ती सख्खी मावशी नव्हे, घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या माडीत राहणारी शेजारीण. पण अख्खी गल्ली तिला कपडेपट मावशी म्हणायची आणि तिला कुणी नुसतं ‘अहो’ म्हणून हाक मारलेली चालायची नाही. ‘अहो’ ऐकलं की ती मागे वळून बघायची, दुसरं कोण आलं म्हणून.

तिचे वडील एका फिरत्या नाटक कंपनीचे शिंपी. कंपनी बंद पडली तेव्हा सगळे कपडे अकरा पेट्यांत भरून घरी आले. मावशी तेव्हा दहा वर्षांची होती. घर लहान, त्यामुळे पेट्या एकमेकींना लावून त्यांच्यावरच तिची गादी घालत. “राजे-महाराजे, चोर, वकील सगळे माझ्या पाठीखाली झोपायचे,” ती सांगायची. “कूस बदलली की कुणीतरी कण्हायचं.” लग्न तिने केलं नाही. विचारलं तर म्हणायची, “एवढ्या माणसांचं धुणं एकटीने करते, त्यात आणखी एक कुठे घेऊ?”

शाळांना आणि हौशी मंडळींना ती पोशाख भाड्याने द्यायची. माझी मुलं शाळेत गेली की आठवड्यातून दोन दुपारी मी तिच्याकडे जायचे, बटणं लावायला, उसवलेलं शिवायला. खरं म्हणजे तिचं बोलणं ऐकायला.

मावशीची ख्याती होती ती तिच्या नजरेची. टेप तिने कधी हातात धरला नाही. मूल दारात उभं राहिलं की ती डोळे जरासे बारीक करायची आणि आतून नेमका त्याच्या अंगाचा पोशाख घेऊन यायची. नुसतं माप नव्हे, कुणाला काय शोभेल तेही सांगायची. “तू पोस्टमन. तू राणीची मोठी बहीण. राणी नाही हं, नाक फार समजूतदार आहे तुझं.” मुलं हसायची, आया खूश व्हायच्या. आमच्या बँकेचे मॅनेजर आता टक्कल पडलेले गृहस्थ, पण रस्त्यात भेटले की अजून कुरकुरायचे, “मावशी, तिसरीत तुम्ही मला कारकून केलंत, तो शिक्का काही पुसला नाही बघा.” मावशी म्हणायची, “मग चुकलं का माझं?”

त्या वर्षी शाळेला शंभर वर्षं झाली. पाचवीच्या बाईंनी ‘शंभर वर्षांपूर्वीचं आपलं बंदर’ असा कार्यक्रम बसवायला घेतला. बाई तरुण, उत्साही, बोलताना दोन्ही हात हवेत. एका दुपारी त्या चोवीस मुलं घेऊन जिना चढून आल्या.

“मावशी, भूमिका तुम्हीच वाटा. तुमच्यासारखी नजर माझ्याकडे नाही.”

झालं. मावशीला एवढं पुरे होतं. ती खुर्चीत बसली, मुलं रांगेने पुढे येत गेली. डॉक्टरांचा मुलगा कप्तान. किराणावाल्याची मुलगी जकात अधिकारी. दोन जुळे भाऊ नावाडी, “कारण तुम्ही भांडलात तरी होडी सरळ जाईल.” सगळी खोली खिदळत होती. शेवटी राहिली एक मुलगी. बारीक, सावळी, केस घट्ट विंचरलेले, हात मागे बांधून दाराशी उभी. मावशीने डोळे बारीक केले आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा नेमका कपडा नेमक्या माणसाला सापडला की उजळायचा.

“ही कोळसेवाली! शोधून सापडणार नाही अशी.”

पेटीतून पोशाख निघाला. धक्क्यावर जहाजातून कोळसा उतरवणाऱ्या बायकांचा, असं मावशी समजत आलेली. मळकट झगा, त्यावर लाल, पिवळी, हिरवी ठिगळं, मोठमोठी, शेवटच्या रांगेतूनही दिसावीत अशी. सोबत काजळीची डबी. “हे तोंडाला आणि हातांना. भरपूर फासायचं.”

जुळ्यांपैकी एक म्हणाला, “हिला डबीची काय गरज?” आणि मुलं हसली. बाई “श्श” म्हणाल्या. मावशीने ऐकलं की नाही, कोण जाणे. ती कप्तानाची टोपी शोधत होती. मी ऐकलं होतं. सुईत दोरा ओवत होते, मान वर केली नाही. मुलीने झगा नीट घडी घालून घेतला, डबी त्याच्यावर ठेवली आणि सगळ्यांच्या मागून जिना उतरून गेली.

चौथ्या दिवशी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. एक म्हाताऱ्या बाई वर आल्या. उंच, ताठ, मान अशी सरळ, जणू डोक्यावर अजून काहीतरी आहे आणि ते सांडू द्यायचं नाही. हातात पिशवी. त्यांनी ती टेबलावर उलटी केली. ठिगळांचा झगा, काजळीची डबी.

“हे तुमचं. मी तिची आजी.”

“का हो आजी? बसत नाही का अंगाला?” मावशीने विचारलं. तिला खरंच तेवढंच वाटलं होतं.

“अंगाला चोख बसतं. तेच तर. पोरगी तीन दिवस शाळेत गेली नाही. पोटात दुखतंय म्हणते. आज तिच्या गादीखाली हे सापडलं.” आजींनी डबी उचलून पुन्हा खाली ठेवली. “लेकराच्या तोंडाला काळं फासायला दिलंत, बाई. काय केलं होतं तिने?”

मावशी उभी राहिली. “आजी, नाटक आहे हो. माझ्या वडिलांच्या हातचा पोशाख आहे, पन्नास वर्षं असाच...”

“वडील कधी धक्क्यावर आले होते का तुमचे?”

मावशीने नकारार्थी मान हलवली.

“मी होते. वयाच्या चौदाव्या वर्षापासून. माझी आई तिथेच, तिची आईही तिथेच.” आजी खुर्चीत टेकल्या आणि झग्यावरचं पिवळं ठिगळ बोटाने उचलून बघू लागल्या. “ठिगळ आम्हीही लावायचो. पण त्याच रंगाचं. ते दिसू नये म्हणून तर लावायचं ना? माझी आई सुताचा एक एक धागा जुळवायची. तुम्ही ते दिसावं म्हणून लावलंत.”

खोलीत ऊन यायला लागलं होतं. न्यायाधीशाची बाही उजळली.

“आणि काळं तोंड?” आजी म्हणाल्या. “काम सुटलं की धक्क्यावरच नळाखाली आम्ही तोंड धुवायचो. साबण कंबरेला बांधलेला असायचा. घरी काळं तोंड घेऊन कुणी गेली नाही. मुलांनी आमचं काळं तोंड कधी पाहिलं नाही. आता नातीने पाहायचं, तेही आरशात?”

मला वाटलं मावशी काहीतरी चटकदार बोलेल. तिच्याकडे नेहमी काहीतरी असायचं. पण ती झगा हातात घेऊन बसली आणि म्हणाली, “मी तिच्याकडे बघितलं आणि मला हेच दिसलं. का दिसलं, आजी?”

“ते तुम्हीच बघा,” आजी म्हणाल्या. “नाटकबिटक राहू दे. तिने शाळेत जावं, एवढंच माझं म्हणणं. आमच्या घरात पाचवीपर्यंत पोचलेली ती पहिली. एका झग्यापायी ती घरी बसली तर मी काय करू?”

हे मात्र लागलं. मावशीचा चेहरा उतरला. आजी गेल्यावर ती मला म्हणाली, “अगं, मी माणसं बघतच नव्हते की काय इतकी वर्षं? नुसते कपडे बघत होते, आणि त्यांच्यात कोण मावेल ते?”

मी म्हटलं, “त्या दिवशी पोरं हसली, ते मी ऐकलं होतं, मावशी. बोलले नाही.”

“दोघी शहाण्या आहोत,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आजींच्या घरी गेलो. दोन खोल्या, लखलखीत. मुलगी आतल्या दाराआड होती. तिचे फक्त पाय दिसत होते. मावशीने तिला हाक मारली नाही. जमिनीवर बसली आणि आजींना म्हणाली, “मला शिकवा. खरं कसं होतं ते.”

आजी आधी म्हणाल्या, आता कशाला. मग म्हणाल्या, चहा घ्या. मग एकदा सुरू झाल्या त्या दिवेलागणीपर्यंत. झगा पायांत येऊ नये म्हणून कसा कंबरेशी खोचायचा. रंग गडद निळा, कारण त्यावर काजळी कमी दिसते. डोक्यावर चुंबळ, जुन्या कापडाची घट्ट वळलेली, प्रत्येकीने आपली आपण वळायची, दुसरीची चालत नाही. जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फळीवरून चालताना पायाकडे बघायचं नाही, समोरच्या बाईच्या पाठीकडे बघायचं. खाली पाणी, वर ओझं, आणि पंचवीस जणी एका चालीने. “लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बायका पाण्यावरून चालल्यात,” आजी म्हणाल्या आणि थोड्या हसल्या. आतल्या दाराआडचे पाय एव्हाना दोन बोटं पुढे आले होते.

निघताना मावशीने त्या पायांना उद्देशून म्हटलं, “शुक्रवारी सगळी मुलं परत माझ्याकडे येणार आहेत. वाटलेलं सगळं मोडलंय मी. तू यावंस अशी माझी इच्छा आहे. नाही आलीस तर रागावणार नाही. चूक माझी होती, तुझी नाही.”

पाय होते तिथेच राहिले.

दोन दिवसांत आम्ही निळा झगा शिवला. जुन्या झग्यावरची ठिगळं मावशीने एक एक करून उसवली. वडिलांचे टाके होते ते. तरी ती थांबली नाही. बाईंना तिने निरोप धाडला की भूमिका मुलं निवडतील. बाई धावत आल्या, दोन्ही हात हवेत. “अहो मावशी, सगळे कप्तान व्हायचे!”

“होऊ देत. कप्तानांचं बंदर करू.”

शुक्रवारी तेवीस मुलं आली. आजीही आल्या, एकट्याच. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, “खाली आहे. जिन्याशी. वर ये म्हटलं नाही मी.”

मावशीने सगळ्या पेट्या उघडल्या, खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून बसली आणि मुलांकडे पाठ केली. “घ्या काय हवं ते. मी बघणार नाही.” खोलीत जो गोंधळ झाला! टोप्या उडाल्या, झगे ओढले गेले, कुणीतरी राणीच्या कॉलरमध्ये अडकलं. आजींनी कोपऱ्यातली टोपली उचलली, घरून आणलेली आपली चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर टोपली, आणि मुलांच्या गर्दीतून चालत गेल्या, न वाकता, न बघता. खोली हळूहळू शांत झाली.

“मला!” डॉक्टरांचा मुलगा ओरडला. “मला करून बघू द्या!” कप्तानाची टोपी भिरकावून त्याने निळा झगा अंगात घातला. टोपली तिसऱ्या पावलाला पडली. “पायाकडे बघू नकोस, बाळा,” आजी म्हणाल्या. “आणि ही चुंबळ माझी आहे. तुझी तू वळ.” मग पाच-सहा जण भोवती बसून फडकी वळू लागले. त्या दिवशी डबीवरून बोललेला तो जुळाही होता त्यांच्यात. त्याची चुंबळ चारदा सुटली. आजींनी चारदा सुटू दिली.

या सगळ्यात ती मुलगी कधी वर आली, आम्हाला कळलं नाही. अगदी तळाच्या पेटीपाशी ती गुडघ्यांवर बसली होती. त्या पेटीतले कपडे कित्येक वर्षांत कुणी मागितले नव्हते. तिने एक जाड, राखाडी, पायघोळ कोट बाहेर ओढला. दीपगृहाच्या राखणदाराचा. अंगात चढवला, तर ती त्यात जवळजवळ बुडालीच. बाह्या हातांच्या खाली वीतभर लोंबत होत्या, खांदे कोपरांपर्यंत आलेले.

बाई म्हणाल्या, “अगं, पण आपल्या कार्यक्रमात दीपगृहच नाही!”

“मग जहाजं आली कशी?” मुलगी म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाईंचे हवेतले दोन्ही हात खाली आले.

मुलगी कोट सावरत खिडकीपाशी आली, मावशीच्या पाठीमागे उभी राहिली. अडखळून पडू नये म्हणून दोन्ही हातांनी घोळ धरलेला.

“मावशी, बघा ना. शोभतो का मला?”

मावशी वळली. सवयीने तिचे डोळे बारीक झाले, मी पाहिलं. कोट तिला शोभत नव्हता. कुठूनही शोभत नव्हता. मावशीला ते माझ्याहून आधी दिसलं असणार. तिने डोळे पुरते उघडले आणि या वेळी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, बराच वेळ.

“दिवा किती उंचावर लावणार आहेस?” तिने विचारलं.

“सगळ्यांत वर.”

“मग पायऱ्या चढाव्या लागतील तुला. घोळ पायात येईल.” मावशी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली, टाचण्या ओठांत धरल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे हात पुढे केला. “टेप दे गं जरा.”