डबीवरचं कुंकू

त्याचं नाव मी विचारलं नाही. साठच्या दशकात बंगळूरहून होसकोटेला जाऊन परत यायची सायकल शर्यत होती आणि सुरुवातीच्या रेषेजवळ आम्ही दोघं एकाच झाडाखाली तयारी करत होतो. चाळिशीकडे झुकलेला वाळका माणूस. त्याने हँडलला कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हात जोडले. दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्या बसवनगुडी भागात वाहनांना असंच करतात, म्हणून मला तो घरचाच वाटला.

मग त्याने पिशवीतून स्टीलची डबी काढली, तिलाही कुंकवाचं बोट लावलं आणि उघडली. आत इंजेक्शन होतं. दंडात सुई खुपसताना त्याची पापणीसुद्धा हलली नाही. अर्धं औषध शिल्लक ठेवून त्याने सुई शर्टाला पुसली आणि माझ्यापुढे धरली. हॉटेलात एक कॉफी दोघांत बाय-टू घेतात, अगदी तशी.

"घे अण्णा, बाय-टू. थकवा कळतच नाही."

"अहो, ही लबाडी आहे," मी कसंबसं म्हणालो.

त्याला खरंच नवल वाटलं. "लबाडी असती तर देवाला दाखवली असती का?"

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि त्याने डबी मिटली.

ही गोष्ट मी अनेकांना सांगतो, पण शेवट गाळून. शिट्टी वाजली तेव्हा माझी डावी बाही दंडापर्यंत दुमडलेली होती. ती मीच दुमडली होती.