पहिलं सूप मालकाचं

टोपी चढली म्हणजे मालक चढला, हे कोणत्या देवानं सांगितलं? मला कोणी तरी समजावून द्या. मागच्या पौषात बापूरावजींच्या खळ्यात उपणणीच्या तिवईवर मालकाची पांढरी टोपी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, टोपी खाली घेतली आणि माझ्या टोळीतल्या शांताला वर चढवलं. तिवईचा एक पाय पोकळ जमिनीवर होता. टोपीला ते काय समजणार? शांता पडली, मनगट मोडलं. अजून तिची मूठ मिटत नाही. यंदा त्याच तिवईवर माझी सून गंगा चढायची आहे. आणि हेच बापूरावजी आता आमच्या त्र्यंबकराव वकीलसाहेबांच्या साठीच्या सत्कार समितीचे अध्यक्ष. त्यांचा निरोप आला, "पार्वताबाई, साहेबांवर चार गोड शब्द लिहून द्या, ग्रंथात छापू." मी दुसरी शिकली. गोड लिहायला तिसरीत शिकवत असतील. मी जे पाहिलं ते लिहिते.

वाचणाऱ्यांत शहरातली माणसंही असतील, म्हणून सांगते. तिवई म्हणजे तीन बल्ल्या दोरानं बांधून वर फळी टाकलेली. माणसाच्या डोक्याहून उंच. वर उभं राहून सुपातली मळलेली ज्वारी वाऱ्यावर सोडायची. भूस उडतं, दाणा खाली पडतो, रास लागते. आमच्याकडं त्या दिवसांत माणसं कापसानं भरलेल्या बैलबंड्या घेऊन बाजाराला जातात, मग वर बाईच चढते. आणि वारा चालू आहे तोवर उतरायचं नाही.

साहेबांची माझी पहिली ओळख मी खाटेवर पडून असताना झाली. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. बापूरावजींच्याच खळ्यात मी वर होती. रास पडायला लागली की खळ्यात बोलायचं नाही, बोललं की बरकत जाते, असं सगळेच मानतात. पण बापूरावजींकडं फारच कडक. खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकायचं. त्या दिवशी तिवईचा दोर सुटत होता. खाली उभ्या सगळ्यांनी पाहिलं. कोणी हात हलवला, कोणी डोळे मोठे केले. माझं ध्यान सुपाकडं. तोंडातून मात्र एकानंही शब्द काढला नाही. मी पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्या खळ्यात पहिली ओरडली ती मीच. तर मालकीणबाई म्हणतात कशा, "बोलली वं बाई! गेली बरकत!"

साहेब दुसऱ्याच कोणाच्या वाटणीच्या कामासाठी गावात आले होते. ऐकलं, आणि बोलावणं नसताना माझ्या दारात आले. खाटेशेजारी जमिनीवर बसले. माझ्या भावाला विचारलं, "दोर सुटताना कोणी पाहिलं?"

"सर्वायनं पाह्यलं जी."

"मग ओरडलं का नाही?"

"खळ्यात कसं ओरडावं, साहेब?"

साहेबांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले. मी म्हटलं, "जाऊ द्या साहेब, माह्यं नशीब."

"नशिबावर समन्स काढता येत नाही, पार्वताबाई," ते म्हणाले. "माणसावर येतं."

यवतमाळच्या कोर्टात शिपाई मला उभी करत होता. साहेबांनी स्वतःची खुर्ची सरकवली, पायाखाली आपला कोट घडी करून ठेवला आणि नुसत्या सदऱ्यावर उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, कोट कुठं? साहेब म्हणाले, "कामावर आहे." लोक हसले. पलीकडचे वकील म्हणत होते, बाई आपल्या मर्जीनं चढली, पडली त्याला मालक काय करणार? मग साहेबांनी बापूरावजींना सवाल केले. ते अजून माझ्या कानात आहेत.

"खळ्यातलं मौन कोणाचं?"

"देवाचं जी."

"मजुरांना दरवर्षी कोण सांगतं?"

"मीच सांगतो."

"आणि कोणी बोललं तर?"

"तर खळ्याबाहेर. उद्यापासून येऊ नको म्हणतो."

"म्हणजे देव कोणाला कामावरून काढत नाही. तुम्ही काढता."

साहेब हळूच म्हणाले, "दोर सुटतो हे सर्वांना दिसत होतं. एक हाक पुरली असती. ती हाक तुम्ही बंद केली होती. मग हे मोडलेलं हाड कोणाच्या अंगावर येतं?"

माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतो. आमच्या आजे-पणजेसासवांपासून ते मौन आम्ही देवाचं समजत होतो. या माणसानं मोजक्या सवालांत ते उचलून मालकाच्या पदरात टाकलं, आणि देवाला धक्का लागू दिला नाही. हे कसं जमतं? मी तेव्हापासून विचार करते, मला अजून सापडलं नाही. माझा दवाखाना आणि पाय बरा होईतोवरचं खाणं मालकावर आलं.

दुसरा वकील असता तर घरी गेला असता. साहेबांनी बाहेर आल्यावर बापूरावजींच्या खांद्यावर हात ठेवला. "मौन पाळा. पण एक शब्द मोकळा सोडा, 'थांब'. आणि मजूर चढायच्या आधी तुम्ही चढा. पहिलं सूप मालकाचं."

"मी? लोक हासतीन ना साहेब!"

"हसू द्या. निदान तोंड तर उघडतील."

पुढच्या उपणणीला साहेब एस.टी.नं आले. चपला खळ्याबाहेर काढल्या. अनवाणी पायात धसकट घुसलं, ते उपटून फेकलं आणि पहिल्यांदा स्वतःच तिवईवर चढले. साहेबांना उंचीची फार भीती. गच्चीवरसुद्धा भिंतीला धरून चालतात, असं मागून साहेबांच्या घरच्या वहिनींनी सांगितलं. वर गेले तर धोतर नुसतं थरथरत होतं. बायांनी पदर तोंडात कोंबले.

"पार्वताबाई, खाली पाहू का?"

"नका पाहू साहेब! सूपच पाहा!"

सगळी ज्वारी वाऱ्याच्या उलट सोडली. भूस डोक्यात, मिशीत. उतरले, एक मोठी शिंक दिली आणि म्हणाले, "डावा पाय हलतो आहे. बापूरावजी, आता तुम्ही." बापूरावजी चढले, आणि उतरल्या उतरल्या डावा पाय उकरून दगड ठोकून बसवला. मालक वर गेला की त्याला आपलीच हाडं आठवतात. राळेगावाकडच्या कितीतरी गावांत पहिल्या सुपाची ही रीत अशीच पसरली. आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यात तर साहेबांनी नायकाला, म्हणजे तिथल्या मुखियाला, त्याच्याच पाण्याच्या इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या बायकोचा घेरदार फेटिया इथून किती लांब?" फेटिया म्हणजे त्यांच्या बायांचा घागरा. त्याची बायकोच म्हणाली, "बांध कुंपण, मंग जेव!" दुपारच्या आत बांबूचं कुंपण उभं.

शांता पडली तेव्हाही साहेब आले. आता त्यांना दम लागतो. आम्हाला वाटलं, टोपीची गोष्ट ऐकून हसतील. हसले नाहीत. टोपी उचलून बापूरावजींच्या डोक्यावर नीट बसवली आणि शांतापाशी जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच खचलेलं पाहिलं.

बापूरावजी मनानं वाईट नाहीत. शांताचा दवाखाना त्यांनी न भांडता केला. गुडघे दुखतात, म्हणून टोपी चढवली. पण त्यानं शांताची मूठ मिटत नाही.

साहेबांना देवानं खूप वर्षं द्यावीत. छाती मोकळी राहो, तपकिरीची डबी भरलेली राहो, आणि पुन्हा कोणाच्या खाटेशेजारी बसायची पाळी त्यांच्यावर न येवो. त्यांना शाल द्या, नारळ द्या, माझं म्हणणं नाही.

पण हा ग्रंथ दसऱ्याला सर्वांच्या हातात जाईल, म्हणून सर्वांसमोर विचारते. बापूरावजी, यंदाच्या पौषात गंगेच्या आधी तुम्ही चढणार का? गुडघे ऐकत नसतील तर तुमचा लेक चढू द्या, पण तुमच्या घरचं हाडामांसाचं माणूस पाहिजे. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, मग गंगा येणार नाही आणि मी मुकादम आहे, माझी एकही बाई येणार नाही. कोजागिरीच्या दिवसापर्यंत मला उत्तर पाहिजे. गड्याच्या हाती निरोप धाडू नका. स्वतः या.