सरांनी ढापलेली माझी वेबसाइट

मंडळी, ग्रुपवर मी एवढं कधी लिहीत नाही, पण आज मी बदला घेतलाय.

कॉलेजच्या खर्चापुरते पैसे सुटावेत म्हणून मला एका वेबसाइटची कल्पना सुचलेली. घरगुती फराळ करून देणाऱ्या डोंबिवलीतल्या बायकांची फोन नंबरसकट यादी. मानपाड्यात दारोदार फिरून नावं जमवली आणि वही आमच्या कम्प्युटर क्लासच्या सरांना दाखवली. ते हसले. "कोण बघणार हे?" म्हणाले, पण वही ठेवून घेतली.

परवा तीच यादी त्यांच्या नावाच्या वेबसाइटवर दिसली, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

आज नव्या मुलांच्या पालकांना सर ती साइट दाखवत होते. मी यादीतल्या सहा काकूंना घेऊन सरळ क्लासमध्ये गेले. सुलभाकाकूंनी विचारलं, "आम्ही नावं हिला दिलेली. तुम्हाला कोणी दिली?"

सर पुटपुटले, "आयडिया हिचीच आहे."

मी म्हटलं, "सर, मागे ऐकू नाही गेलं."

त्यांना ते मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं. दोन पालक फॉर्म न भरताच उठले. काकूंनी आपली नावं तिथल्या तिथे काढायला लावली.

आई म्हणते, चारचौघांत एवढं करायला नको होतं. मला मात्र जराही वाईट वाटत नाहीये. तुम्ही असतात तर ते पुटपुटल्यावरच सोडून दिलं असतं का?