मेव्हण्याचा ताप आणि गोळ्या देणारं गणगोत

मंडळी, आज माझा लई जळफळाट झालाय.

ढोकीच्या माझ्या मेव्हण्याला ताप होता. त्याच्यावर माया करणारे भरपूर. त्याच्या आईनं एक गोळी दिली, वहिनीनं दुसरी, शेजारच्या सलीमभाईंनी तिसरी. नावं वेगळी, पण सगळ्यांत पॅरासिटामॉलच. कुणाचं मन मोडायला नको म्हणून गडी दोन दिवस तिन्ही गोळ्या गिळत राहिला.

आज सकाळी उलट्या थांबेनात, तेव्हा धाराशिवला इमर्जन्सीत आणला. डॉक्टरांनी पाकिटं बघितली, रक्त तपासायला पाठवलं आणि उताऱ्याचं औषध सलाईनमधून सुरू केलं. म्हणाले, "पॅरासिटामॉल जादा झालं की लिव्हरला मार बसतो. लिव्हरचं उद्याच्या रिपोर्टवर कळेल."

खाटेभोवती ही गर्दी! माझी बायको रडत भावाचे पाय चेपत होती. गेल्या महिन्यात मी तापलो, तेव्हा म्हणाली होती, "नाटकं पुरे, पाणी प्या."

हे मी बोलून दाखवलं, तर सलीमभाई म्हणाले, "पाव्हणं, तुम्हाला कुणी गोळी दिली न्हाय, म्हणून तर तुमचं लिव्हर शाबूत हाय!"

तुम्ही आजारी पडलात की किती जण गोळ्या घेऊन धावतात? धावत असतील, तर गिळण्याआधी पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा.

मेव्हण्याचा रिपोर्ट तेवढा चांगला येऊ दे. मग मी मनसोक्त जळेन.