पोपटाचा उष्टा पेरू

बारामतीच्या मंडईत पेरूवालीनं पोपटानं टोचलेला पेरू बाजूला काढला आणि त्या वासानं मी थेट अंथुर्ण्याच्या आमच्या बागेत पोचले.

पिहू, माझी लेक, तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मूल बोलतं म्हणून माझे सासरे, तात्या, रोज तसला पेरू हुडकून आणायचे. अंगणवाडीच्या ताई मात्र म्हणाल्या होत्या, "लगेच देऊ नका, तिला मागू द्या. आणि डॉक्टरांना दाखवाच."

डॉक्टरकडं जायच्या दिवशी सकाळी तात्या पेरू दोन्ही हातांत झाकून बांधावर बसले. पिहू रडली, मातीत लोळली. तात्यांचे डोळे भरले, पण हात उघडले नाहीत. शेवटी ती उठली, त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघितलं आणि त्यांची बोटं सोडवू लागली.

"मागितलं की गं पोरीनं!"

"कुठं बोलली, तात्या?" मी चिडले.

"बोलली न्हाय. पर आजवर पेरूकडंच बघायची, आज माझ्याकडं बघितलं. चल, डॉक्टरला हेबी सांगू."

मला तेव्हा फक्त शब्द हवा होता. त्याच्या आधी ते बघणं यावं लागतं, हे पुढं तिला शिकवताना कळलं.

मंडईतला तो टोचलेला पेरू मी पेरूवालीकडून मागून घेतला. शेजारी उभ्या पिहूनं माझ्याकडं बघितलं आणि अडखळत म्हणाली, "अर्धा... तात्याला."