रिकाम्या कोडांचं कौतुक

औषधांच्या गोदामाच्या ऑफिसात एक्सेलची फाइल डेटाबेससारखी वाचणारी स्क्रिप्ट थोरल्या जावेने लिहिली होती. आज तिच्यात औषधांचे अर्धे कोड रिकामे येत होते. सकाळपासून थोरली डोकेफोड करत होती. याच ऑफिसात काम करणारी धाकटी जाऊ घरी सासूबाईंची लाडकी होतीच. इथे तरी साहेबांनी आपलं नाव घ्यावं, एवढंच थोरलीला हवं होतं.

धाकटी मागून वाकली. "ताई, वरच्या ओळींत नुसते आकडे आहेत ना, म्हणून स्क्रिप्ट अख्खा रकानाच आकड्यांचा समजते. अक्षरं असलेले कोड गाळते. सगळं मजकूर म्हणून वाचायला सांगा."

"माहितीये मला," थोरली फणकारली आणि मुकाट्याने तसंच केलं. कोड भराभर उमटले.

"वा, कोणी शोधलं?" साहेबांनी विचारलं.

"ताईंनी," धाकटी सहज म्हणाली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलीने मोठेपणासुद्धा पटकावला.